पोरांवर राखण नको, पोरांना राखणीला घ्या

नागोठण्यातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. मागच्या वेळी पापड-मसाल्याच्या परवान्याविषयी बोललो होतो, आजचा विषय जरा जड आहे. पण तो आमच्याकडे बैठकीतूनच आला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ग्रामसंघाची बैठक होती. हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "माझा पोरगा हल्ली घरात हसत नाही." आम्हाला वाटलं, प्रेमाबिमाचं काही असेल, नाहीतर दारू. दोन्ही नव्हतं. पोरगा एकोणीस वर्षांचा. आयटीआय झालेला. कंत्राटी काम चार महिने मिळायचं, सहा महिने घरी. त्या रिकाम्या महिन्यांत मोबाइलवरच्या एका ग्रुपात गेला. तिथल्या मोठ्या मुलांनी गाडीत पेट्रोल भरून दिलं, टी-शर्ट दिला, 'भावा' म्हणून हाक मारली. मग हळूहळू कोणाच्या दुकानातून घ्यायचं नाही, कोणाला गल्लीत फिरू द्यायचं नाही, याची यादी आली. एका संध्याकाळी त्याने आणि अजून दोघांनी वीस वर्षं आमच्या आळीत येणाऱ्या बांगडीवाल्या मावशींची पेटी रस्त्यात उघडायला लावली आणि पुन्हा दिसलीस तर बघ, असा दम दिला. पोरग्याच्या आईने त्या दिवशी जेवण केलं नाही.

तो कुठल्या धर्माचा, कुठल्या समाजाचा, ते आम्ही मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या जणी म्हणतील, "म्हणजे आपल्यातलं नाही," आणि रेडिओ बंद करून भाजी चिरायला घेतील.

पुढे आम्ही जे केलं ते चुकलं. आम्ही त्याला बैठकीत बोलावलं आणि चौदा बायकांच्या समोर झाडलं. एक जण तर आईच्या दुधाची लाज काढून बसली. तो मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पनवेलला निघून गेला आणि तीन महिने आईचा फोन उचलला नाही. ज्या लोकांपासून त्याला सोडवायचं होतं, त्यांच्याकडेच आम्ही त्याला आमच्या हाताने ढकललं. त्यानंतर आम्ही वाचलं, विचारलं, जाणत्या माणसांशी बोललो. ते आज तुम्हाला सांगतोय.

याला कागदोपत्री 'हिंसक अतिरेक' म्हणतात. शब्द मोठा आहे, अर्थ साधा. एखाद्या गोष्टीबद्दल कडक मत असणं म्हणजे अतिरेक नव्हे. देवाधर्माचं जास्त करणं, दाढी किंवा माळ, मोर्चात पुढे जाऊन घोषणा देणं, यातलंही काही नव्हे. समोरचा माणूस माणूसच नाही, त्याला मारलं, त्याचं घर जाळलं तरी चालतं, उलट ते पुण्याचं काम आहे, असं मनात पक्कं बसतं तेव्हा तो अतिरेक. तो एका धर्माचा किंवा एका झेंड्याचा नाही. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार शिकलेले तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि तिथून इसिसकडे वळले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला. त्यात १० मे २०२४ ला न्यायालयाने दोन तरुणांना जन्मठेप दिली, त्यातला एक कापडाच्या दुकानात कामाला होता. गडचिरोलीत तर शाळकरी वयाच्या मुली बंदूक घेऊन जंगलात गेल्या. ही सगळी कुठल्या ना कुठल्या आईचीच लेकरं.

आपल्याला वाटतं, हे कल्याणला, पुण्याला, गडचिरोलीला. आपल्या रायगडात काय? मैत्रिणींनो, आपल्या रायगडातूनच तर आलं. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यात, दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत एकाच दुपारी बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली. म्हसळा-माणगावकडून मुंबईला जायचा रस्ता कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण असाच आहे. आपण ज्या रस्त्यावर एसटीची वाट बघत उभ्या राहतो, तोच.

हे घडलं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या किनाऱ्यावर चांदीचा चोरटा व्यापार आधीपासून चालायचा. रात्री होडी लागली की चार पोरांनी माल उचलायचा, हातावर पैसे घ्यायचे, तोंड बंद ठेवायचं. याची सगळ्यांनाच सवय होती. सरकारी माणसांनाही होती. जानेवारीत माल घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी म्हसळ्याच्या बाजूला गोंडघर फाट्याजवळ अडवल्या होत्या. तिथे लाच ठरली. पुरेशी रोकड नव्हती, तर चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवल्या आणि गाड्या पुढे गेल्या! आपण गटात हजार रुपयांच्या अंतर्गत कर्जाला दोन जामीनदार मागतो, आणि तिथे शेकडो जिवांचा सौदा तारणावर झाला. पुढे न्यायालयाने कस्टमच्या आणि पोलीस खात्याच्या माणसांनाही शिक्षा केल्या. माल उतरवायला आणि हलवायला स्थानिक माणसंही होती. कोणाला आत काय आहे ते ठाऊक होतं, कोणाला नव्हतं, याचा निवाडा करण्यात न्यायालयांची वीस वर्षं गेली. निकालात जे काही लागलं असेल ते लागो, आपल्याला त्यातून एक कळतं. मोठं पाप दारात एकदम येत नाही. आधी छोट्या कामाची, "विचारायचं नाही, फक्त करायचं" याची सवय लागते. आमच्या पोरग्याला पेट्रोल मिळालं, तेही असंच, कशाबद्दल ते त्याने विचारलंच नव्हतं.

आता याच जिल्ह्यातली, याच महामार्गावरची दुसरी गोष्ट. नागोठण्यावरून दक्षिणेला गेलं की महाड. १९ आणि २० मार्च १९२७ ला तिथे परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कमी माहीत असतं ते हे की, बाबासाहेबांनी महाडला यावं म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला आणि परिषदेची तयारी केली, त्यांत पुढे होते रामचंद्र बाबाजी मोरे. महाडजवळच्या लाडवलीचे. वय अवघं चोवीस. लहानपणापासून अपमान सोसलेला, रागावलेला तरुण. असा तरुण कोणाच्याही हाताला लागू शकतो. पण त्याच्या रागाला काम मिळालं, जबाबदारी मिळाली. गावोगाव फिरायचं, लोकांना बोलवायचं, मोठ्यांशी बोलणी करायची. स्वतः बाबासाहेबही तेव्हा पस्तिशीतलेच होते.

तळ्यावरून लोक परतल्यावर गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तेवढ्यावर जमाव लाठ्या घेऊन आला, जेवायला बसलेल्या, गावी निघालेल्या माणसांना मारलं. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून आलेले माजी सैनिक होते, अंगात ताकद असलेले तरुण होते. बाबासाहेबांनी शब्द टाकला असता तर महाडात रक्ताचा सडा पडला असता. त्यांनी उलट हात उचलू दिला नाही, आणि त्या तरुणांनी ऐकलं. का ऐकलं? आम्हाला वाटतं, ते कोणी भाड्याने आणलेले नव्हते, काम त्यांचं स्वतःचं होतं. स्वतः उभं केलेलं काम माणूस एका रात्रीच्या रागात जळू देत नाही.

शेखाडी आणि महाड. एकाच जिल्ह्यातला किनारा आणि डोंगर. एकीकडे तरुणांना हात म्हणून वापरलं, दुसरीकडे माणूस म्हणून घेतलं. आमचं सगळं म्हणणं या फरकात आहे.

अफवेचं म्हणाल तर १९२७ ला ती तोंडातोंडी पसरली, आता बोटाने पसरते. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे उतरले होते. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला. त्याआधी बरेच दिवस मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप मोबाइलवर फिरत होते. लोकांनी पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. मारणारे कोणी डाकू नव्हते, बाजाराला आलेले लोक होते. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. बरं झालं. पण पाच जणांनी पाच-पाच जणांना पाठवलं तरी आपलं आख्खं नागोठणं रात्रीच्या जेवणाआधी पुरं होतं.

आता शांतता राखायची कोणी? गणपती, ईद, मोहरम जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथल्या खुर्च्या बघा. तीच पिकल्या केसांची मंडळी, बायका एखाद-दुसऱ्या, पंचविशीच्या आतलं कोणी नाही. त्या मंडळींना आम्ही नावं ठेवत नाही, त्यांचा धाक असतो, ओळखी असतात. पण रात्री अकराला गल्लीत काय झालं ते त्यांना सकाळी कळतं. पोरांना ते साडेदहालाच ठाऊक असतं. ज्यांना आधी कळतं त्यांनाच आपण बाहेर ठेवतो, आणि वर म्हणतो, तरुणांवर लक्ष ठेवा.

भिवंडीने हे वेगळं करून दाखवलं होतं. यंत्रमागाचं गाव, १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं. १९८८ ला सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होऊन आले. त्यांनी सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या केल्या. पुढाऱ्यांना नव्हे, तर माग चालवणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या, रोज एकमेकांच्या समोरून जाणाऱ्या दोन्ही समाजाच्या साध्या माणसांना त्यांनी त्यात बसवलं. नळावरच्या भांडणापासून सगळं तिथे बोललं जायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसं गेली. तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. दंगलीनंतर मुंबईतही मोहल्ला समित्या निघाल्या आणि त्यांनी तरुणांसाठी क्रिकेटचे सामने भरवले. संघ धर्माप्रमाणे नव्हते, एकाच संघात दोन्हीकडची पोरं. झेल कोणी घेतला याचा आनंद जातीवर नसतो, हे भाषणाने समजवावं लागत नाही.

जगातही आता हेच म्हणतात. ९ डिसेंबर २०१५ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२५० क्रमांकाचा ठराव केला. अठरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांना शांततेच्या कामात आणि निर्णयात घ्या, असं त्यात सगळ्या देशांना सांगितलं. ठरावाची भाषा जड आहे, पण त्यातला 'निर्णयात' हा शब्द आम्ही धरून ठेवला. कारण आपण पोरांना खुर्च्या मांडायला घेतो, निर्णयाला घेत नाही.

आम्हीही आधी तेच केलं. एका रविवारी 'युवा मार्गदर्शन शिबिर' ठेवलं. वक्ते तासभर बोलले. मागच्या दाराने पोरं एक एक करून गेली, शेवटी आम्ही, वक्ते आणि उरलेले वडे. मग एका मुलीनेच सांगितलं, "काकी, आम्हाला काय करायचं नाही ते सगळे सांगतात. काय करायचं ते द्या ना."

काम आमच्याकडे होतंच. अंबा नदी. पावसाळ्यात नदी चढली की एसटी स्टँडात, कोळीवाड्यात, बाजारात पाणी येतं, हे नागोठण्यात नवीन नाही. आम्ही अकरा जणांना बोलावलं, सात मुलगे, चार मुली, वेगवेगळ्या आळ्यांतले आणि समाजांचे. त्यांनी खालच्या वस्तीतली म्हातारी माणसं, गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले यांची यादी केली, घर दाखवून. कोणाच्या घरात कोणी जायचं हे वाटताना आम्ही एकच अट घातली, आपल्याच आळीतलं घर घ्यायचं नाही. बॅटऱ्या आणि दोरासाठी ग्रामसंघाने पैसे द्यायचे ठरवलं. तेव्हा पोरं म्हणाली, पैसे आम्ही खर्च करू, वहीवर सही आमची. यावरून आमच्यातच वादावादी झाली. "उद्या गुटखा खातील त्यातून," इथपर्यंत. शेवटी दीड हजार त्यांच्या सहीने दिले. एकतीस रुपये परत आले, पावतीसकट.

त्यातूनच दुसरं काम निघालं, तेही त्यांनीच काढलं. संशयाचा निरोप आला की पुढे पाठवायच्या आधी त्या गावातल्या ओळखीच्याला नाहीतर पोलीस पाटलांना फोन करायचा. पेणच्या बाजूला मुलं पळवणारी बाई पकडली, असा व्हिडिओ आला होता. आमच्यातल्या एकीचा मामा त्याच गावात. सात मिनिटांत कळलं, व्हिडिओ जुना, तिथला नव्हताच. तिने ग्रुपात एवढंच टाकलं, "मामाला विचारलं, खोटं आहे." ते आमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त लोकांनी मानलं.

आता आयांसाठी थोडं. पोरगं बिघडत चाललंय हे कपड्यांवरून किंवा देवळा-मशिदीत जाण्यावरून ओळखू नका, त्यात चांगल्या पोरांवर अन्याय होतो. जुने मित्र एकदम तुटले का, थट्टामस्करी बंद झाली का, बोलण्यात सारखं 'ते' आणि 'आपण' येतं का, कुठून आले ते न सांगता पैसे हातात खेळतात का, मरण्या-मारण्याचं कौतुक करतो का, ते बघा. यातलं काही दिसलं तरी मोबाइल हिसकावू नका. चारचौघांत तर मुळीच बोलू नका, आमची चूक तुम्ही करू नका. तो ज्याचं ऐकतो असा माणूस शोधा. तो वडीलच असेल असं नाही, बहुतेक वेळा मामा असतो, नाहीतर क्रिकेटच्या संघाचा कप्तान. मन फार खचलेलं वाटलं तर १४४१६ या सरकारी नंबरावर मराठीतही बोलता येतं. पण हत्यार दिसलं, कोणाला मारायचा बेत कानावर आला किंवा पोरगं न सांगता लांब निघालं, तर मात्र वाट बघू नका, ११२ ला फोन करा. पोलिसांत गेलं की पोराचं आयुष्य संपलं, या भीतीने आया गप्प बसतात. नेहमी तसं होत नाही. २०१५ च्या डिसेंबरात पुण्यात सोळा वर्षांच्या एका मुलीला इसिसच्या लोकांनी इंटरनेटवरून नादाला लावलं होतं. दहशतवादविरोधी पथकाने तिला अटक केली नाही. आईवडिलांना आणि तिच्या धर्मातल्या जाणत्यांना सोबत घेऊन तिची समजूत काढली. वेळेवर कळलं म्हणून ते जमलं. कल्याणच्या त्या चौघांच्या घरी कळलं तेव्हा मुलं परदेशात पोहोचली होती.

तुमच्या गटात सुरुवात करायची असेल तर ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत दोन मुलं आणि दोन मुली बसवा. ऐकायला नाही, बोलायला. विषय त्यांना ठरवू द्या. पहिल्यांदा ते मैदानाचं आणि वायफायचं बोलतील, बोलू द्या. हाताला काम हा प्रश्न मात्र आमच्याकडे अजून सुटलेला नाही. बॅटरी आणि दोर देऊन कोणाचं पोट भरत नाही, आणि रिकामे महिने आले की पेट्रोल देणारे पुन्हा येतात. दोघांना गटाच्या कर्जातून मोबाइल दुरुस्तीचं सामान घेऊन दिलं, एकाचं चाललंय, एकाचं नाही.

तो पनवेलला गेलेला पोरगा गणपतीत घरी आला. आम्ही कोणी काही बोललो नाही. कप्तानाने बोलावलं म्हणून यंदाच्या पावसात तोही दोर धरायला होता. रात्री दोन वाजता एका आजोबांना त्याने पाठीवर घेऊन वर आणलं, ते त्याच्या आळीतले नव्हते. जुना ग्रुप त्याने सोडलाय का, ते आम्ही विचारलेलं नाही. बांगडीवाल्या मावशी आता पुन्हा येतात, पण त्यांची पेटी लांबून दिसली की तो अजून रस्ता बदलतो. मावशी मात्र बांगड्या भरता भरता त्याच्या आईला विचारतात, "पोरगा बरा आहे ना गं?"